मामाने आणलेला निळा उजेड

इंद्रभान मुंबईहून परत आला तो अर्धाच आला, अर्धा तिकडंच राहिला, असं त्याची बायको तुळसाबाई म्हणायची, आणि तिचं फारसं चुकत नव्हतं. कारंजाच्या एका कापूसवाल्याच्या संगतीनं तो चार दिवस मुंबई पाहून आला होता. तिकडं जपानची लढाई पेटलेली, इकडं त्याचं सारं किन्हीराजा गाव रॉकेलला महाग झालेलं. पण पारावर लढाईपेक्षा इंद्रभानची मुंबईच जास्त गाजली. समुद्र केवढा, तर आपल्या शेताच्या धुऱ्यापासून शेजारच्या मालेगावापर्यंत पाणीच पाणी. माणसं किती, तर कारंजाचा बाजार बाराही महिने उठलाच नाही असं समजा. सांगता सांगता तो दर खेपेला थोडं वाढवायचा, आणि वाढवताना मनातल्या मनात स्वतःलाच म्हणायचा, इंद्रभान, बेट्या, लय फेकून राह्यला तू.

हा एक गुण त्याच्यात होता. फुशारकीत तो कुणाला हार जाणारा नव्हता, पण स्वतःची फजिती स्वतःच चघळून चघळून सांगायचा. मागे एकदा हौसेनं बूट घेतले, तर दोन्ही डाव्या पायाचे निघाले. ते त्यानं तसेच वर्षभर घातले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, दुकानदाराचं काही चुकलं नाही, आपले पायच डावे आहेत. फक्त हे हसू त्याला यायचं ते फजिती होऊन गेल्यावर. जरा आधी आलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.

मुंबईत त्याच्या मनात एकच गोष्ट भरली. तिथं अंधार पडला की दिव्यांना निळा कागद. दुकानात निळा, हॉटेलात निळा, रस्त्यावरच्या खांबांच्या दिव्यांनाही निळा रंग फासलेला. सगळीकडं कसा थंड, मंद उजेड. असं काहून करतात, हे त्यानं कुणालाच विचारलं नाही. विचारलं तर खेड्यातला ठरू, ही भीती. त्याच्याकडं नुसतं पाहूनच शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं की हा खेड्यातला, पण ते त्याला कोण सांगणार. त्यानं आपलं आपणच ठरवून टाकलं की पांढरा उजेड गरिबाघरचा आणि निळा उजेड बड्या लोकांचा. निघायच्या दिवशी त्यानं निळ्या कागदाची एक मोठी गुंडाळी घेतली आणि घरी येऊन पेटीत तळाशी ठेवून दिली. कशासाठी, ते त्यालाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

ते ठरलं भाचीच्या लग्नात.

त्याची थोरली बहीण गोजराबाई. नवरा गेला तेव्हा पोर कडेवर होती. इंद्रभाननं दोघींना गावी आणलं, शेजारीच दोन खोल्या बांधून दिल्या, आणि पोर त्याच्या अंगाखांद्यावर मोठी झाली. मनकर्णा तिचं नाव. कामाला वाघीण, बोलायला कमी. तिचं लग्न एकदा जमलं होतं. पण हळद लागायच्या आधीच नवऱ्या मुलाला शेतात साप चावला आणि तो गेला. साप चावला पोराला, आणि विष चढलं मनकर्णेला. पोरगी पांढऱ्या पायाची, लोक म्हणू लागले. आधी बापाला खाल्लं, मग नवऱ्याला खाल्लं. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण सकाळी गाडी जुंपून निघालेला माणूस तिला समोरून येताना पाहिलं की बैल थांबवून चिलीम भरायला बसायचा. ती पुढं गेली की मग हाकायचा. असं कितीतरी वर्षं चाललं. सोयरीक घेऊन कुणी उंबरठ्याशी येईना.

शेवटी मानोऱ्याकडचे दौलतराव आले. मोठ्या मनाचा माणूस. त्यांच्या मुलानं, शालिग्रामनं, मनकर्णेला कारंजाच्या बाजारात पाहिलं होतं आणि करीन तर हीच करीन म्हणून बसला होता. दौलतरावांनी होकार दिला. पण त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ललिताबाईनं, सुपारी फुटली त्या दिवशीच सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं.

"पोराले पसंत हाये, भावाले पसंत हाये, मले कोण इचारते? पण एक आइकून घ्या. मांडवात जर काही इपरीत दिसलं, तं अक्षता पडाच्या आधी आमी गाड्याइले बैल जुपू. एक पोरगा हाये आमच्या घरात. तो काई आमाले जास्तीचा झाला नाही."

ललिताबाई दुष्ट नव्हती. भाच्याच्या जिवाला भीत होती, एवढंच. आणि भिणाऱ्या माणसाला शकुन-अपशकुन जितके दिसतात तितके कुणालाच दिसत नाहीत.

त्या संध्याकाळी गोजराबाईनं भावाचा हात धरला. "इंद्रभान, मी रांडमुंड बाई, मले तं मांडवात येता येणार नाही. तूच तिचा मामा न् तूच बाप. काही उणं पडू देऊ नको, भाऊ. ह्या खेपेले मोडलं तं मंग तिच्या दारात कोणी उभं राहणार नाही."

"उणं?" इंद्रभान म्हणाला. "बाई, असा मांडव सजवतो का मानोऱ्याचे लोक तोंडात बोट घालतीन."

तर ते खरं झालं. त्यांनी घातलं.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. गुरं रानातून परततात, धूळ उडते आणि सूर्य बुडतो, ती वेळ. इंद्रभाननं कारंजाहून दोन गॅसबत्त्या भाड्यानं सांगितल्या. त्या घेऊन सेवादास नावाचा तांड्यावरचा माणूस दुपारीच आला. रॉकेल इंद्रभाननं कुठून कुठून, कुणाकुणाच्या पाया पडून जमवलं होतं. मग त्यानं पेटीतली गुंडाळी काढली, कामट्यांचे दोन पिंजरे केले, दिवाळीत आकाशकंदिलाचे करतात तसे, आणि त्यांना निळा कागद चिकटवला. एका थरानं रंग फिका वाटला म्हणून वर दुसरा थर दिला. पिंजरे बत्त्यांवर बसवून त्यानं ते भर उन्हात मांडवाच्या खांबांना टांगून पाहिले. काय शोभा आली. उन्हात कागद कसा मोरासारखा झळकत होता.

"हे पेटलं म्हंजे कसं दिसन?" तुळसाबाईनं विचारलं.

"मुंबईवानी."

"मी मुंबई पाह्यली नाही. काल रात्री पेटवून पाहाले काय झालं असतं? एक दिवस आधी बत्त्या आणल्या असत्या."

"तुले काय समजते त्यातलं?" इंद्रभान म्हणाला.

तुळसाबाई आपल्या कामाला लागली. नवऱ्याला शहाणं करायचं काम तिनं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं.

वऱ्हाड आलं, सीमांत पूजन झालं, वाजंत्री झाली. दिवस कलला. भटजींनी पाटावर नवरदेवाला उभं केलं, दोघांनी आंतरपाट धरला आणि "मामा, मुलीला आणा" अशी हाक आली. इंद्रभाननं जाता जाता सेवादासला खूण केली, पेटव.

घरात देवापाशी तेलाची दिवली होती. तिच्या उजेडात मनकर्णा उभी होती. मामानं दिलेलं लालभडक लुगडं, हळदीनं पिवळे झालेले हात, हातभर हिरवा चुडा, आणि कपाळावर रुपयाएवढं लाल कुंकू. इंद्रभानला भरून आलं. ह्या पोरीला आपण कडेवर घेऊन जत्रा दाखवली, त्याला वाटलं, आणि आज हिच्याकडं सारा गाव पाहणार. दाराआड गोजराबाई पदर तोंडाशी धरून उभी होती. त्यानं भाचीचा दंड धरला आणि तिला उंबऱ्याबाहेर आणलं.

मांडवात दोन्ही बत्त्या भणभणत होत्या, आणि मांडव निळा झाला होता. मनकर्णा त्या उजेडात शिरली तशी माणसं एकदम गार पडली. मुलं गप्प झाली. सनईवाल्याचा सूर अर्ध्यात थांबला. इंद्रभानची छाती फुगली. पाहा म्हणावं, ह्याला म्हणतात उजेड. मांडवातली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती, तेही त्याला कौतुकच वाटलं. आता एवढ्या थंड उजेडात आपला फेटा कसा दिसत असेल, हाही विचार एकदा त्याच्या मनात येऊन गेला. खोटं कशाला बोला.

मग ललिताबाई पुढं आली. तिनं नवरीच्या तोंडावरचा पदर जरा वर केला, पाहिलं आणि झटक्यानं दोन पावलं मागं सरकली.

"कुकू काळं हाये," ती म्हणाली.

इंद्रभाननं खाली पाहिलं. मनकर्णेच्या कपाळावर काळा टिळा होता. काजळ फासल्यासारखा. तिचं लाल लुगडं काळं पडलं होतं. पिवळे हात राखेत घातल्यासारखे दिसत होते. त्यानं दिलेलं लुगडं, त्यानं स्वतः कारंजाच्या दुकानात दहा वेळा उलटून पालटून घेतलेलं, ते काळं.

"देव्हाऱ्यापाशी लाल होतं," तो म्हणाला. "आता, ह्या घटकेले लाल होतं."

"मंग मांडवात येता येता काळं झालं," ललिताबाई म्हणाली, आणि हे तिला जास्तच भयंकर वाटलं. "दौलत, माहं आइक. नवऱ्याच्या नावानं लावलेलं कुकू काळं पडलं. ह्याच्याहून मोठा इशारा देव कसा देते रे? पोराले खाली घे."

बायकांत कालवा झाला. एकेकीनं पदर कपाळावर ओढून घेतला. खरं म्हणजे त्या निळ्या उजेडात सगळ्याच सुवासिनींची कपाळं काळी दिसत होती, ललिताबाईचंही तसंच. पण ज्या बाईनं दुसरीचं पाहिलं तिनं बोलायचं धाडस केलं नाही, आणि स्वतःचं कपाळ स्वतःला दिसत नाही. इंद्रभानला ते दिसलं. दिसलं तसा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की हे कागदाचं काम आहे. पण सांगायचं कसं? भरल्या मांडवात व्याह्यांच्या घरच्या वडील सुवासिनीला, बाई, तुमचंही कपाळ काळं दिसून राह्यलं, असं म्हणायचं? त्यापेक्षा त्यानं जीभ हासडून दिली असती.

"कागदामुळं होते हे," तो ओरडला. "थांबा, कागद काढतो."

त्यानं जवळच्या बत्तीवरचा पिंजरा धरून ओढला. शहाण्या माणसानं तो हळू काढला असता. इंद्रभाननं असा हिसका दिला की पिंजऱ्याबरोबर बत्ती दाणकन खांबावर आदळली, आतली जाळी झडली आणि बत्ती फस करून विझली. दुसरी बत्ती पार मांडवाच्या त्या टोकाला, तिचा उजेड इथवर जेमतेम पोचत होता. मनकर्णा उभी होती ती आता नुसत्या संध्याकाळच्या उजेडात. पश्चिमेला थोडा प्रकाश उरला होता, तेवढाच.

"आता पाहा," इंद्रभान दम टाकत म्हणाला. "आता कागद नाही, काही नाही."

सगळ्यांनी पाहिलं. त्यानंही पाहिलं. वर मांडवाला लावलेली आंब्याची पानं मोजून घ्यावी इतकी स्वच्छ दिसत होती. चुडा ओळखू येत होता. आणि मनकर्णेचं कुंकू काळंच होतं.

काळं, लुगडंही काळं. दिवस बुडताना लाल रंग सगळ्यांच्या आधी विझतो; पानं दिसतात, आकाश दिसतं, पण शेवग्यावर वाळत टाकलेलं लाल लुगडं काळ्या घोंगड्यासारखं दिसू लागतं. हे इंद्रभाननं जन्मभर रोज पाहिलं होतं. जो रोज पाहतो त्याला ते आठवत नाही. त्या क्षणी त्याला वाटलं ते एवढंच, की कागद गेला, दिवा गेला, तरी काळं ते काळंच. मग ललिताबाई खरी तर नसेल? मग हे लोक इतकी वर्षं बोलत होते ते खरं तर नसेल? त्यानं भाचीकडं पाहिलं. ती मान खाली घालून स्वतःच्या हातांकडं बघत होती.

दाराआडून गोजराबाईचा हुंदका ऐकू आला आणि मग ती जमिनीवर बसल्याचा आवाज.

"गाड्या जुपा," ललिताबाई म्हणाली.

"मुहूर्त चालला," भटजी म्हणाले. "काय ते ठरवा बापा लवकर."

शालिग्राम पाटावरून उतरला नव्हता. पण बापाकडं बघत होता, आणि बाप बहिणीकडं. इंद्रभानला कळून चुकलं की जे काय करायचं ते ह्या घटकेत. त्यानं मागं वळून हाक मारली. "सेवादास, टेंभा पेटव. चिंधी बांध, तेल ओत, पेटव."

सेवादासनं काठीला फडकं गुंडाळलं, उरलेलं रॉकेल ओतलं आणि पेटवलं. पिवळी-तांबडी ज्वाळा फडफडली. इंद्रभाननं टेंभा घेऊन मनकर्णेजवळ धरला. कुंकू लाल झालं. लुगडं लालभडक झालं. हळद पिवळी झाली.

लोकांनी श्वास सोडला. ललिताबाईनं सोडला नाही.

"कोणं पुसून नवं लावलं?" ती म्हणाली. "अंधार पडला तेवढ्यात काय केलं तुमी?"

आता हद्द झाली. रागावून उपयोग नव्हता. रागावायचा हक्क त्याचा उरलाच नव्हता, कागद त्याचा, हौस त्याची. त्यानं टेंभा सेवादासच्या हातात दिला आणि ललिताबाईपुढं जाऊन डोक्यावरचा फेटा काढून खाली ठेवला.

"आत्याबाई, तुमच्या करंड्यातलं कुकू आणा. आमच्या घरचं नको. तुमच्या हातानं मले लावा. माह्या कपाळाले."

"मर्दाले कुकू?"

"मर्द म्हणा नाही तं गाढव म्हणा, लावा. गाढवाच्या कपाळावर तं अपशकून होत नाही ना?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. ललिताबाईनं भावाकडं पाहिलं. दौलतराव म्हणाले, "लाव ताई, आता एवढं झालंच हाये तं." तिनं कमरेच्या पिशवीतून करंडा काढला. बोट बुडवलं आणि इंद्रभानच्या टकलावर, भुवयांपासून मागंपर्यंत, असा रागानं पट्टा ओढला की नवरीला लागलं त्याच्या चौपट कुंकू त्याला लागलं. सेवादासच्या टेंभ्याजवळ तो उभा होता. लाल रंग सगळ्यांनी पाहिला.

"लाल हाये?" इंद्रभाननं विचारलं.

"लाल हाये," दहा-बारा जण म्हणाले.

मग तो उघड्या डोक्यानं, हात जोडून, मांडवाच्या त्या टोकाला निळ्या बत्तीखाली गेला. लोकांच्या माना वळल्या. त्याचं टक्कल तिथं निळसर चमकत होतं आणि मधोमध काळा पट्टा.

"काळं," एक पोरगी म्हणाली.

तो परत टेंभ्याजवळ आला. लाल. परत बत्तीखाली गेला. काळा. लाल, काळा, लाल, काळा, असा तो भरल्या मांडवात येरझारा घालत होता, नांगराच्या तासाला लागलेल्या बैलासारखा, आणि एकेका फेरीला हसू वाढत होतं. तिसऱ्या फेरीला सनईवाल्यानं हळूच सूर धरला. इंद्रभाननं त्या सुरावर एक गिरकी घेतली. फजिती व्हायचीच आहे तर पुरी होऊ द्यावी, अर्धवट कशाला, हा त्याचा जुनाच बाणा.

"पण हा निळा कागद लावला कायले बापा?" कुणीतरी विचारलं.

"मुंबईत पाह्यला," इंद्रभान म्हणाला. "तिकडं मोठे लोक निळाच उजेड करतात."

दौलतराव आधी त्याच्याकडं पाहतच राहिले. ते सरकारी कामानं अकोल्या-नागपुराकडं जाऊन-येऊन असत. मग पोट धरून हसू लागले. "अहो मामा, ते मोठेपणासाठी नाही. ते लढाईसाठी हाये. जपानी विमान वरून आलं तं त्याले खालचं गाव दिसू नये, म्हणून दिवे झाकतात."

मांडवात असा हशा उसळला की बैलांनी माना उचलल्या. "विमानाले काही दिसू नये म्हणून लावतात तो कागद," दौलतराव डोळे पुसत म्हणाले, "ह्यायनं नवरी दिसावी म्हणून लावला."

ललिताबाई हसली नाही. ती सेवादासकडं गेली, त्याच्या हातातला टेंभा घेतला आणि मनकर्णेच्या तोंडाजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिली. मग टेंभा परत दिला. स्वतःच्या करंड्यातलं चिमूटभर कुंकू घेऊन तिनं नवरीच्या टिळ्यावर आपल्या बोटानं पुन्हा टेकवलं.

"धरा आंतरपाट," ती भटजींना म्हणाली. "पण ती दुसरी बत्ती आधी इझवा."

लग्न टेंभ्याच्या उजेडात लागलं. धुरानं सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, त्यामुळं कोण रडतंय आणि कोण नाही हे कळलं नाही. इंद्रभान रडत होता, पण त्याला धूर सोयीचा पडला.

जेवणाच्या पंगतीत त्यानं स्वतःच स्वतःची गोष्ट चार वेळा सांगितली. पाचव्या वेळी तुळसाबाईनं वाढता वाढता भात त्याच्या पानात जरा जोरात आदळला. "हो, हो," तो म्हणाला, "हिनं आधीच सांगतलं होतं, रात्री पेटवून पाहा म्हणून. हिचं आइकलं असतं तं तुमाले एवढा तमाशा फुकटात कोण दाखवता?" वऱ्हाडी खो खो हसत होते. ललिताबाईही हसली, अगदी थोडी. व्याही खूश, गाव खूश. गोजराबाई आतून एकेक पुरी लाटून पाठवत होती, आणि दाराशी आलेल्या प्रत्येकाला विचारत होती, सारं नीट झालं ना? इंद्रभानला वाटलं, बरं झालं. माणसाची फजिती झाली, पण पोरीचं लग्न झालं. ह्या भावात सौदा वाईट नाही.

सकाळी वऱ्हाड निघालं. दमणीला बैल जुंपले. मनकर्णेला गाडीत बसवायचं काम मामाचं. उन्हात तिचं लुगडं डोळे दिपवील इतकं लाल होतं, आणि तिला उचलता उचलता इंद्रभानला आणखी एक गंमत सुचली.

"पोरी, सासरी कोणी इचारलं, तुहा मामा काय करते, तं सांगजो, कुकू लावते न् मांडवात नाचते."

आजूबाजूचे हसले. मनकर्णा हसली नाही. गाडीत बसल्यावर तिनं वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. बाकीच्यांना ऐकू जाऊ नये इतक्या हळू बोलली.

"मामा, काल तुमी मले मांडवात आणलं, तवा मी माह्या हाताकडं पाह्यलं. हळद काळी दिसली, लुगडं काळं दिसलं. मले वाटलं, लोक इतके दिवस खरंच बोलत होते. आत्याबाई गाड्या जुपा म्हणल्या ना, तवा मी बोलणारच होती, का जा, घेऊन जा तुमचा पोरगा, जिता हाये तवर. तोंडात आलं होतं माह्या. तेवढ्यात तुमी टेंभा मागतला."

एवढं बोलून ती नीट बसली आणि पदर पुढं ओढला.

इंद्रभाननं तोंड उघडलं. ह्यावर काहीतरी मजेचं बोलता येईल, म्हणून त्यानं शोधलं. नेहमी सापडायचं. गाडीवानानं बैलांच्या पाठीवर थाप मारली, गाडी हालली, आणि तो जुवाला हात लावून तसाच गाडीसंगं चालत राहिला. गावची शीव आली तेव्हा दौलतरावांनी त्याला मागं फिरवलं.

पुढं त्यानं ह्या लग्नाची गोष्ट पारावर, बाजारात, पावण्यापुढं, कितीदा तरी सांगितली. टक्कल, पट्टा, येरझारा, जपानी विमान, सगळं रंगवून सांगायचा आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसायचा. गोष्ट मात्र पंगतीपाशीच संपवायचा. गाडीपाशी काय झालं ते त्यानं तुळसाबाईलाही कधी सांगितलं नाही.